डोळे पुष्कळ, पण दृष्टी?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस श्रींची प्रतिष्ठापना होते आणि मंडपामंडपांतून भाविकांची रीघ लागते. आरास व रोषणाई यांच्या जोडीला आता सीसीटीव्ही कॅमेऱ्यांनाही तेथे स्थान मिळाले आहे. ‘इतके कॅमेरे बसविले’ असे कार्यकर्त्यांनी सांगितले की वर्गणीदार निश्चिंत होतो. ही निश्चिंती कितपत रास्त आहे, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कॅमेऱ्याच्या दरपत्रकातील शब्द समजून घेतले, तर पुष्कळसा भ्रम दूर होईल. चित्र ज्या सूक्ष्म ठिपक्यांनी बनते ते पिक्सेल. त्यांची चित्रातील संख्या म्हणजे रिझोल्यूशन. ‘दोन मेगापिक्सेल’ कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे १९२० ठिपके असतात. या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार, माणूस आहे एवढेच कळण्यास दर मीटरला २५ ठिपके लागतात, परिचित व्यक्ती ओळखण्यास १२५ आणि अनोळखी व्यक्तीची निःसंशय ओळख पटण्यास २५०. म्हणजे असा कॅमेरा जेमतेम साडेसात मीटर रुंदीतील चेहरे पटवू शकतो. तोच सत्तर मीटर रुंदीच्या चौकावर रोखला, तर माणसे दिसतील, चेहरे नव्हेत.

पाठीमागे प्रखर रोषणाई असता चेहरा काळवंडू नये, यासाठी ‘वाइड डायनॅमिक रेंज’ ही सोय असते. ‘पीटीझेड’ कॅमेरा चहूकडे वळतो व दूरचे जवळ आणतो. पण एकीकडे पाहत असता दुसरीकडचे त्यास दिसत नाही. चित्रण साठविणारा तो ‘एनव्हीआर’. त्याची साठवण भरली की सर्वांत जुने चित्रण पुसून नवे नोंदले जाते. म्हणून दानपेटीचा अपहार महिन्याने लक्षात आला, तर पुरावा उरलेला असेलच असे नाही.

ही केवळ मंडपापुरती गोष्ट नव्हे. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात अडीच हजारांहून अधिक कॅमेरे होते. तरीही २९ जानेवारीस, मौनी अमावास्येच्या पहाटे, संगमाजवळ चेंगराचेंगरी झाली आणि सरकारने त्या वेळी जाहीर केल्यानुसार ३० भाविक प्राणांस मुकले. नाशिकनेही २००३ च्या सिंहस्थात असाच आघात सोसला आहे, आणि २०२७ मध्ये तेथे पुन्हा शाही स्नानाच्या पर्वण्या आहेत. कॅमेरा गर्दी दाखवितो. ती वेळीच थोपविणे व वाट मोकळी करणे हे माणसांचेच काम होय.

तेव्हा वर्गणी देताना कॅमेरे किती, एवढेच विचारून थांबू नये. प्रत्येक कॅमेरा कशासाठी लावला आहे आणि पडद्यासमोर रात्रभर कोण जागणार आहे, हेही विचारावे. विघ्नहर्त्याच्या उत्सवात विघ्न टाळण्याचा आपला वाटा आपणच उचलावयास हवा, असे आमचे नम्र मत आहे.