बांधावर उगारलेली काठी



उन्हाळी नांगरट सुरू झाली की बांधाची भांडणे डोके वर काढतात. कुणी एक तास बांधात घालतो, शेजारी धावत येतो, शब्दाने शब्द वाढतो आणि हातात असेल ते उगारले जाते. पुढे चौकीवर गेल्यावर म्हणायचे, "साहेब, मी नुसती काठी उचलली, मारली कुठं?" तर कायदा या काठीकडे कसा पाहतो, ते आज बघू.

१८६० सालची भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. त्या तारखेआधीच्या भांडणाला जुनाच कायदा लागतो. कलमांचे आकडे बदलले. व्याख्या बहुतेक त्याच आहेत.

कलम १३० म्हणते, 'आता हा मला मारणार' असे समोरच्याला वाटावे म्हणून नुसता हात उगारला किंवा तशी तयारी केली, तरी तो हमला होतो. काठी अंगाला लागलीच पाहिजे असे नाही. कायद्यातच एक उदाहरण आहे: त्याच हेतूने चावऱ्या कुत्र्याचे मुसके सोडू लागलात, तरी हमला! नुसते शब्द मात्र हमला ठरत नाहीत. लांबून "तुला बघून घेतो" म्हटले तर हमला नव्हे (धमकी आणि अपमान यांची कलमे वेगळी आहेत). तेच काठी उचलून म्हटले, तर शब्दांमुळे त्या काठीला अर्थ येतो. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

काठी लागली, की प्रकरण 'दुखापत' होते. वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण हाड मोडले, दात पडला, किंवा माणूस पंधरा दिवस असह्य वेदनेत राहिला अथवा त्याला रोजचे काम करता आले नाही, तर ती 'जबर दुखापत', आणि कैद सात वर्षांपर्यंत. जुन्या कायद्यात हे दिवस वीस होते. एका दाताने केवढा फरक पडतो पाहा! विळा, कोयता, कुऱ्हाड चालवली तर साध्या जखमेलाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

गावच्या पारावर दोघे हाणामारी करून शांतता मोडतात, तेव्हा "सुरुवात त्यानं केली" एवढ्याने सुटका होत नाही; दोघेही दोषी ठरू शकतात. आणि भावकीला हाक मारून पाच जण मारायला निघालात, तर त्या हेतूने एकाने जरी हात चालवला, तरी दंग्याचा गुन्हा पाचही जणांवर. हे आमच्या तरुण मंडळींना कुणीतरी सांगायला हवे.

मार बसला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात जा. दात हलतो, हाड दुखते, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि कागदावर लिहून घ्या. साधी की जबर, हे पुढे बरेचसे त्या कागदावरून ठरते. साधी दुखापत अदखलपात्र आहे. पोलीस नोंद करतात, पण न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही, आणि मार खाल्लेल्याची इच्छा असेल तर ती आपसांत मिटवताही येते. जबर दुखापत दखलपात्र. तिथे पोलिसांनी गुन्हा नोंदवायचा असतो आणि फिर्यादीची नक्कल तुम्हाला फुकट द्यायची असते. ती मागून घ्या.