आल्प्स व्हाया चोपडा

डिसेंबर उजाडला की ऑफिसातल्या निम्म्या डेस्कटॉप्सवर बर्फ पडायला लागतो. बर्फाळ रस्ता, लाल गाडी, टपावर बांधलेल्या स्की. लंच टाइमला कोणीतरी विषय काढतंच, ‘यार, एकदा आल्प्समध्ये रोड ट्रिप मारली पाहिजे!’ मग गुगल मॅप उघडतो. जिनिव्हा, शामोनी, झेरमॅट, इन्सब्रुक... बोटाने आखलेला रूट कसा टकाटक दिसतो!

फंडा असा आहे मंडळी, की हा रूट बोटानेच सोपा आहे. स्वित्झर्लंडच्या मोटरवेवर चढायचं तर ४० फ्रँकचं विनेट हवं. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल रस्त्यावर बर्फ असेल तर गाडीला विंटर टायर सक्तीचे. सिनेमात दिसणारे ते उंच उंच घाट तर हिवाळ्यात चक्क बंद असतात! फुर्का पासजवळ गाडीच रेल्वेवर चढवून बोगद्यातून पलीकडे न्यावी लागते. आणि झेरमॅटला गाडी जातच नाही; अलीकडच्या टेश गावात ती ठेवा आणि मुकाट्याने ट्रेन पकडा. व्हिसा, लायसन्स, स्कीचं भाडं हे सगळं वेगळंच. जरूर जा, पण त्याआधी दोन-तीन अप्रेझल्स चांगली जाऊ द्या.

तोवर काय? आमच्या ग्रुपमधला एक जण चोपड्याचा. ‘गोठलेलं दव बघायचंय ना? मग आमच्याकडे चला की भो!’ हे त्याचं दर हिवाळ्यातलं पेटंट वाक्य. आधी सगळे हसायचे. खानदेश म्हणजे मे महिन्यातला ४५ अंशांचा पारा, एवढंच पुण्या-मुंबईच्या माणसाला ठाऊक. पण कडाक्याच्या थंडीत पेपरात एक बातमी हमखास येते, सातपुड्यात डाब, वालंबा, तोरणमाळ भागात दवबिंदू गोठल्याची. गवतावर, गंजीवर, मोटारसायकलच्या सीटवर पांढरा थर. स्की नाही, लिफ्ट नाही, पण महाराष्ट्रात बर्फाच्या इतकं जवळ फार कमी ठिकाणी जाता येतं.

रात्रीच्या गाडीने जळगाव किंवा अमळनेर, तिथून चोपडा. गावाच्या उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत. चोपड्यातून जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता पकडायचा आणि ही भिंत उजव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे सुटायचं. हातेड, गलंगी, मग अनेर नदी ओलांडली की जळगाव जिल्हा संपून धुळे सुरू. शिरपूरला मुंबई-आग्रा महामार्ग आडवा येतो, तो ओलांडून शहादा. हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. रस्ता सपाट, दोन्हीकडे केळी, कापूस आणि ऊस. पण सपाट आहे म्हणून पाय दाबू नका. गळिताचा हंगाम असतो, उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या पहाटे धुक्यात अचानक समोर उगवतात, आणि कित्येकांना मागे रिफ्लेक्टरसुद्धा नसतो. सकाळी नऊपर्यंत निवांत चहा प्या, मगच निघा.

पेट्रोलची टाकी शहाद्यालाच फुल करा. एटीएमचं कामही तिथेच. म्हसावद, राणीपूर करत घाट चढलात की सुमारे १,१५० मीटरवर तोरणमाळ. यशवंत तलाव, सीताखाईची दरी, गोरखनाथाचं मंदिर. इथे मॉल रोड नाही, चिक्की नाही, घोडेवाले नाहीत. (मला तर हेच आवडलं. ज्यांना घोडा लागतो त्यांनी माथेरान गाठावं!) राहण्याची सोय मोजकी आहे, तेव्हा बुकिंग केल्याशिवाय वर चढू नका. मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे बॉसला आधीच कल्पना देऊन ठेवा.

आता मुख्य आकर्षण, म्हणजे दव. पारा चार-पाच अंशांवर असताना पाणी गोठतं कसं? उत्तर सोपं आहे. तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर असतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि रात्र लांबलचक असेल, तर जमीन आणि गवत आपली उष्णता भराभर वर सोडून देतात आणि हवेपेक्षा थंड होतात. शिवाय गार हवा जड, ती उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते. म्हणून दव शोधायचं ते टेकडीच्या माथ्यावर नाही, खोलगट शेतात, आणि सूर्योदयाच्या आधी. ऊन पडलं की थोड्याच वेळात खेळ खलास. स्नूझचं बटण दाबणाऱ्यांना हा शो दिसत नाही. आणि ढग आले, वारा सुटला, तर कोणालाच दिसत नाही. इथे आर्टिफिशियल स्नोची मशिन्स नाहीत, बाबांनो!

दुसऱ्या दिवशी खाली उतरून शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि तिथून देवगोई घाटाने मोलगी, डाब. हा टप्पा गंभीरपणे घ्या. वळणं तीव्र आणि दरी अगदी खेटून. शेजारच्या चांदशैली घाटात २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप दरीत कोसळली आणि अनेकांचे जीव गेले. इथल्या लोकांसाठी हे घाट म्हणजे वीकेंड ड्राइव्ह नाही. दवाखाना, कॉलेज, बाजार सगळं या वळणांच्या पलीकडे आहे. तेव्हा उतारावर लोअर गिअर, न्यूट्रल अजिबात नाही, चढणाऱ्या गाडीला आधी वाट, आणि अंधार पडला की गाडी बंद. रील काढायला वळणावर थांबणाऱ्यांशी माझी दोस्ती नाही.

डाब हे आदिवासींच्या याहामोगी मातेचं मूळ स्थान मानलं जातं, तेव्हा तिथे वावरताना आवाज थोडा खाली असलेला बरा. आणि याच थंडीच्या जिवावर इथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरी लावली आहे. होय, नंदुरबार जिल्ह्यात स्ट्रॉबेरी! रस्त्याच्या कडेला मिळते, भाव करत बसू नका. मोलगीच्या बाजारातून भगर आणि आमचूर घ्यायला विसरू नका, घरचे खूश होतात.

म्हणजे डाबला थंडी पिकते. चोपड्याला तीच थंडी पीक मारते. हे आम्हाला मित्राच्या काकांनी सांगितलं. आदल्या रात्री आम्ही फोनवर वेदर अॅप बघत ‘अजून दोन डिग्री पडू दे’ म्हणून नवस बोलत होतो, आणि काका त्याच अंगणात उभे राहून बरोबर उलटी प्रार्थना करत होते. केळीला गारठा सोसत नाही. पारा दहाच्या खाली रेंगाळला की वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, घड बाहेर पडताना पोग्यातच अडकतो. मग रात्री विहिरीचं कोमट पाणी द्यायचं, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा, घडाला पिशव्या घालायच्या. वीज रात्रीची असली तर पाणी द्यायला जागायचं. आम्ही कानटोप्या घालून सेल्फी काढायला उठणार, त्याच वेळी ते शेतातून परतणार.

हवामानावर आधारित फळपीक विमाही आहे. त्यात केळीसाठी कमी तापमानाची अट अशी राहिली आहे की पारा सलग तीन दिवस आठ अंश किंवा त्याखाली हवा, आणि तो मोजायचा महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर. दोन रात्री साडेसात आणि तिसऱ्या रात्री साडेआठ, तर हातात काही नाही. झाड बिचारं नियम वाचत नाही, ते पिवळं पडतंच. ‘आता तुम्ही सांगा, पारा उतरू दे म्हणू की नको म्हणू?’ काका हसत म्हणाले. आम्ही चौघं एमबीए-इंजिनिअर, आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्रीनंतर वेदर अॅप उघडलं तरी कोणी नवस बोललं नाही.

पण खानदेशात पाहुण्याला उपाशी आणि उदास झोपू देत नाहीत. परतीच्या दिवशी शेतात भरीत पार्टी. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर हिरवी पांढुरकी वांगी भाजायची, सोलून लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत ठेचायची, वर भरपूर तेलाची फोडणी. या जळगावी भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय टॅग मिळालाय, तेव्हा कॉर्पोरेट मंडळींनी आदराने खावं. जोडीला कळण्याची भाकरी, कच्चा कांदा, आणि ताट म्हणून केळीचं पान. फाँड्यू खाऊन आलेला आमच्यातला एकुलता एक परदेशवीर तिसरी भाकरी मागताना काहीही तुलना करण्याच्या स्थितीत नव्हता.

आणि शेवटचा लाड. आल्प्समध्ये स्कीइंग झालं की लोक गरम पाण्याच्या कुंडात डुंबतात म्हणे. चोपड्यापासून अडावदकडे निघा, तिथून सातपुड्याच्या पायथ्याला वळलात की उनपदेव. गोमुखातून बारा महिने गरम पाण्याची धार पडते. शरभंग ऋषींचा आश्रम इथे होता अशी श्रद्धा आहे. टॉवेल सोबत न्या, साबण-शाम्पू गाडीतच ठेवा. घाटांत चार दिवस आखडलेली मान धारेखाली धरायची, डोळे मिटायचे. बॅगेत आणखी काय हवं म्हणाल तर दोन ब्लँकेट्स, टॉर्च, सुटे पैसे, टायरमध्ये नीट हवा आणि एक जास्तीची रिकामी पिशवी. काकू केळीची फणी दिल्याशिवाय निघू देत नाहीत.