आधी लोगो कशाला?

नाव ठरलंय, लोगो झालाय, इन्स्टावर हँडलही घेऊन ठेवलंय. बातमी मात्र अजून एकही नाही. जवळपास प्रत्येक कॉलेजात असं एक तरी 'न्यूज पोर्टल' सुरू होतं आणि गॅदरिंग संपलं की गपगार होतं. तुम्हीही स्वतःचं काही सुरू करायच्या बेतात असाल, तर रंग आणि फाँट महिनाभर बाजूला ठेवा. आधीपासून पाय रोवून उभं असलेलं बातम्यांचं एखादं ठिकाण निवडा आणि ते वाचा. वाचा म्हणजे स्क्रोल करू नका. ते काम कसं करतं ते पाहा.

मला विचाराल तर यासाठी एक झकास नमुना अमेरिकेत आहे, 'स्कॉटसब्लॉग'. टॉम गोल्डस्टीन आणि एमी हाउ या वकील नवरा-बायकोनं तो २००२ मध्ये सुरू केला. विषय एकच, अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट. निवडणुकीचा गोंधळ नाही, सिनेमा नाही, क्रिकेट तर नाहीच नाही.

२८ जून २०१२ ला या कोर्टानं ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यावर निकाल दिला. प्रत्येकानं विमा घेतलाच पाहिजे ही सक्ती घटनेत बसते का, हा कळीचा प्रश्न होता. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात आधी म्हटलं, की व्यापाराचं नियमन करण्याच्या सरकारच्या अधिकारात ही सक्ती बसत नाही. सीएनएन आणि फॉक्स न्यूजनं एवढंच वाचलं आणि 'सक्ती रद्द' अशी बातमी ठोकून दिली. त्याच निकालपत्रात पुढे लिहिलं होतं, की कर बसवण्याच्या अधिकारात मात्र ती बसते. म्हणजे कायदा टिकला होता! खुद्द ओबामांनीही टीव्हीवर आधी चुकीचीच बातमी पाहिली. स्कॉटसब्लॉगची मंडळी पुढचा भाग बघेपर्यंत थांबली आणि मगच त्यांनी टाकलं, की सक्ती कर म्हणून टिकली आहे.

हे थांबणं तासाभराचं नव्हतं बरं का. सगळा खेळ काही मिनिटांचा. तेवढ्या वेळात निकालपत्रात नेमकं काय शोधायचं हे त्यांना कळलं, कारण त्या खटल्याचे कागद ते आधीपासून वाचत आले होते. त्यांचे वार्ताहर लाइल डेनिस्टन तेव्हा ८१ वर्षांचे होते आणि १९५८ पासून याच कोर्टाच्या बातम्या देत होते. गंमत म्हणजे स्कॉटसब्लॉगला स्वतःच्या नावावर कोर्टाचा प्रेस पाससुद्धा नव्हता. डेनिस्टन यांचा पास बोस्टनच्या एका रेडिओ केंद्राच्या नावावर होता. पुढच्याच वर्षी याच ब्लॉगला प्रतिष्ठेचा पीबडी पुरस्कार मिळाला.

'आमच्या कॉलेजात कुठलं आलंय सुप्रीम कोर्ट?' असं म्हणाल. विद्यापीठ आहे ना! २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका ऑनलाइन तपासायला घेतल्या आणि निकाल किती रखडले, हे तुमच्या सीनियर्सना विचारा. परिपत्रकं, परीक्षेची वेळापत्रकं, शिष्यवृत्तीच्या तारखा, पुनर्मूल्यांकनाची फी, यावर आपली अॅडमिशन आणि नोकरी अडकलेली असते. तरी आपल्याला ही माहिती मिळते कुठून, तर ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफमधून. 'उद्याचा पेपर पुढे ढकलला' असा कागद रात्री अकराला येतो. तो खरा मानून होस्टेलवरचा एखादा पोरगा एसटीनं गावी निघून गेला, तर त्याचं वर्ष जातं. तिथे सगळ्यात आधी फॉरवर्ड करणारा कामाचा, की परीक्षा विभागात फोन लावून 'हा कागद बोगस आहे' असं साडेअकराला सांगणारा?

म्हणून वाचताना पाहा, की स्कॉटसब्लॉगवर प्रत्येक खटल्याचं वेगळं पान असतं. त्यावर अर्ज, दोन्ही बाजूंची म्हणणी आणि निकाल असं सगळं ओळीनं लावलेलं. एमी हाउ कायद्याची किचकट भाषा साध्या इंग्रजीत सोडवून सांगतात. हे दोन्ही आपल्याला जमण्यासारखं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र डोळे झाकून उचलू नका. गोल्डस्टीन स्वतः त्याच कोर्टात वकिली करत. ज्या कोर्टात खटले लढवायचे, त्याच कोर्टाच्या बातम्या द्यायच्या, हे अवघडच. वाचक म्हणून आपण तो प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तोच स्वतःलाही. तुम्ही स्टुडंट कौन्सिलमध्ये असाल तर गॅदरिंगच्या खर्चाची बातमी कोण लिहिणार? समोरच्या कॅफेची जाहिरात घेतली आणि तिथे खाऊन दहा जण आजारी पडले, तर? हे पहिल्या बातमीच्या आधी ठरवा. नंतर ठरवायला बसलात की मैत्री आड येते.

विषय मिळत नसेल तर उद्या ऑफिसबाहेरच्या नोटीस बोर्डापाशी दहा मिनिटं उभे राहा. या वर्षीच्या सगळ्या सूचना तारखेप्रमाणे एका जागी लावलेल्या तुमच्या कॉलेजात कुणाकडे आहेत का, ते विचारून बघा.