स्टेशनचा जिना आणि आपला बाजार

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर रेल्वेगाडी सुरू झाली. अहमदनगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळून तीस वर्षे होत आली होती. एवढ्या काळात आमच्या पिढीच्या दाढ्या पांढऱ्या झाल्या. गेवराईला अजून रूळ नाहीत, पण बीड आमच्यापासून तीसेक किलोमीटरवर आहे, तेव्हा ही रेल्वे आमचीही आहे असे आम्ही मानतो.

मात्र बाजारात या रेल्वेविषयी जी चर्चा चालते ती ऐकून आम्हांस नवल वाटते. गाडी किती वाजता सुटते, तिकीट किती, मुंबईची गाडी कधी मिळणार, एवढेच विचारले जाते. माल कोणत्या बाजूने उतरणार, हातगाडी कोठे उभी राहणार, पार्सल कोठे बुक होणार, हे विचारणारा दुकानदार आम्हांस अद्याप भेटला नाही. आमच्या मते व्यापाऱ्याने पहिला सवाल हाच विचारला पाहिजे. मुंबईच्या मस्जिद स्टेशनचे उदाहरण घेऊन आम्ही आमचे म्हणणे मांडतो. कापड खरेदीसाठी जाणाऱ्या आपल्या बहुतेक बांधवांच्या पायाखालचे ते स्टेशन आहे.

आम्ही धंद्यात पडलो तेव्हा गेवराईहून एस.टी.ने तेव्हाच्या औरंगाबादला जायचे, रात्रीची गाडी धरायची, सकाळी व्ही.टी.ला उतरायचे आणि लोकलने एक स्टेशन मागे मस्जिदला यायचे, असा शिरस्ता होता. नवखा माणूस विचारी की हे नाव कोणत्या मशिदीवरून पडले? कोणी जुम्मा मशीद सांगे, कोणी झकेरिया मशीद. सर्वत्र सांगितली जाणारी हकीकत मात्र वेगळीच आहे. जवळच सॅम्युएल स्ट्रीटवर बेने इस्राएल लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी त्याची स्थापना केली. कोकणातले हे यहुदी मराठी बोलणारे, आणि आपल्या प्रार्थनामंदिराला ते मशीदच म्हणत. त्यावरून मोहल्ल्याला, बंदराला आणि पुढे स्टेशनला हे नाव मिळाले. हे लोक मूळचे घाण्यावर तेल काढणारे कारागीर. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. तेल्याच्या जमातीचा शब्द आज स्टेशनच्या पाटीवर आहे, ही गोष्ट कारागीर बांधवांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता स्टेशनची मांडणी पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तेव्हा हे रूळ बंदरपट्टीला समांतर टाकलेले होते. पूर्वेस मस्जिद बंदर, कर्नाक बंदर असे गलबतांचे धक्के आणि पश्चिमेस पेठ. पुढे १८८० साली प्रिन्सेस डॉक व १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक झाले, समुद्र भरावाने मागे हटला, पण रूळ तेथेच राहिले. परिणाम असा की माल पूर्वेला उतरे आणि गिऱ्हाईक पश्चिमेला असे. दोहोंच्या मध्ये रेल्वेची भिंत. ती ओलांडण्याचे मार्ग म्हणजे गाड्यांसाठी रस्त्याचे पूल आणि माणसांसाठी स्टेशनचे जिने. आमचा असा अनुभव आहे की जिना उतरतो त्या गल्लीतल्या गाळ्याची पागडी वेगळी आणि त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाची वेगळी. माल तोच, दुकानदारही तितकाच इमानदार, फरक फक्त जिन्यापासूनच्या अंतराचा.

मस्जिदला फास्ट लोकल थांबत नाही. मेन लाईनच्या स्लो गाड्या थांबतात आणि हार्बरच्या थांबतात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी व्ही.टी.हून कुर्ल्याला गेली ती याच हार्बरच्या रुळांवरून. मस्जिद सोडल्यावर हार्बरची गाडी चढ चढते आणि सँडहर्स्ट रोडला मेन लाईनच्या डोक्यावरून पूर्वेकडे वळते. पुढे त्याच मार्गावर कॉटन ग्रीन लागते. आमच्या तालुक्यातला शेतकरी कापूस पिकवतो, त्याच कापसाच्या बाजारावरून हे नाव पडले. कल्याणच्या माणसाला मस्जिदला यायचे तर त्याने स्लो गाडी धरावी किंवा भायखळ्याला उतरून गाडी बदलावी. एवढ्या मोठ्या घाऊक पेठेच्या दारात फास्ट गाडी का थांबत नाही, असे आम्ही एका जुन्या आडत्याला विचारले होते. तो म्हणाला, "सेठ, फास्ट लाईनला प्लॅटफॉर्मच नाही, गाडी थांबणार कोठे?" ज्या रुळाला प्लॅटफॉर्म ठेवला नाही तेथे पुढच्या पिढ्यांनी कितीही अर्ज केले तरी उपयोग होत नाही.

पुलाचेही तसेच. मस्जिद आणि सी.एस.एम.टी. यांच्या मधला कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडण्यात आला. त्याच्या जागचा नवा पूल, ज्याला सिंदूर नाव दिले, तो १० जुलै २०२५ रोजी खुला झाला. मधली सुमारे दोन वर्षे आठ महिने पूर्वेच्या गोदामातला माल पश्चिमेला आणायचा तर वळसा पडे. त्या काळात आमच्या हाती येणाऱ्या बिलांत हमाली आणि हातगाडीचा आकडा फुगलेला असे. तो शेवटी गेवराईच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीतूनच गेला.

आणि हा केवळ पैशांचा हिशेब नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ–एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ जीव गेले. गिरण्यांच्या काळातले स्टेशन, गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, माणसे वाढली आणि जिना अरुंदच राहिला. त्यानंतर लष्कराला बोलावून २०१८ च्या फेब्रुवारीत नवा पूल उभा केला. रोजीसाठी निघालेली माणसे होती ती. अल्लाह त्यांच्या घरच्यांना सब्र देवो.

काही बांधव म्हणतील, बीड म्हणजे मुंबई नव्हे, दिवसाला मोजक्या गाड्यांसाठी एवढी उठाठेव कशाला? आमचे म्हणणे असे की हीच वेळ आहे. स्टेशनच्या भोवती आज जमीन मोकळी आहे. दहा वर्षांनी तेथे पत्र्याची दुकाने, रिक्षांची रांग आणि कोर्टातले दावे असतील, मग वीतभर रस्ता रुंद करायलाही साल लागेल.

म्हणून बीड, गेवराई, माजलगावच्या कापड, किराणा आणि हत्यारे-अवजारांच्या व्यापाऱ्यांनी, तसेच शिवणकाम, रजई, लोखंडकाम करणाऱ्या कारागिरांनी एकत्र बसून लेखी निवेदन तयार करावे. त्यात चार-पाच गोष्टी स्वच्छ लिहाव्यात: स्टेशनच्या दोन्ही अंगांना वाट, हातगाडी चढेल असा उतार, पार्सल बुकिंगची वेळ बाजाराच्या वेळेशी जुळणारी, मालधक्क्याला गेवराई रस्त्याकडून येणाऱ्या टेम्पोसाठी थेट पोचरस्ता, आणि हमालांना बसायला सावली व पाणी. निवेदनावर सह्या फक्त मोठ्या पेढ्यांच्या नकोत. गठ्ठा डोक्यावर घेऊन जिना चढणाऱ्याची सही पहिली घ्यावी, कारण जिन्याच्या पायऱ्या त्यालाच ठाऊक असतात.

सोलापूर–जळगाव मार्गाची आमच्या भागाची मागणीही जुनी आहे. तो मार्ग गेवराईवरून गेला तर स्टेशन गावाच्या कोणत्या अंगाला हवे, याचा कच्चा नकाशा आमच्या व्यापारी मंडळींनी आत्ताच काढून ठेवावा. मोजणीवाले येतील तेव्हा तो त्यांच्यापुढे ठेवता येईल.