जाणाऱ्याला पत्र द्या

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषयच बदलला. एरवी वाचक लिहितात ते प्लेटच्या भावावर, वीजखात्याच्या लोड मंजुरीवर आणि बिल थकवणाऱ्या ठेकेदारांवर. आता पेडणे आणि डिचोलीहून येणाऱ्या पत्रांत एकच विषय आहे. वर्कशॉपचे मालक विचारतात, ‘पोरगा कंपनीत जातो म्हणतो, थांबवू कसा?’ पोरे विचारतात, ‘जाऊ की राहू?’

त्यातले एक पत्र पुढे ठेवतो. लिहिणारा पेडणे तालुक्यातला टर्नर, नऊ वर्षे एकाच वर्कशॉपमध्ये. एक्स्कॅव्हेटरच्या बकेटची झिजलेली पिन वेल्डिंगने भरून पुन्हा मापावर उतरवतो, बुश बोअर करून प्रेसवर बसवतो, शाफ्टला चावीगाळा पाडतो, गिऱ्हाइकाशी भाव ठरवतो आणि पात्रांव जेवायला घरी गेला की गल्लाही तोच सांभाळतो. एका मोठ्या कंपनीच्या मेंटेनन्स विभागात जागा निघाली म्हणून हा गेला. चाचणीत शाफ्टचा तुकडा देऊन दोन शतांश मिलिमीटरच्या आत माप मागितले. त्याने काढून दिले. मग टेबलापलीकडच्या बाईंनी विचारले, अनुभव किती? नऊ वर्षे. पीएफ नंबर? नाही. पगाराची पावती? नाही. बँकेत पगार जमा होतो? नाही, शनिवारी रोख. मग त्याला सांगण्यात आले की तो फ्रेशर आहे, आणि फ्रेशरांना ठेकेदारामार्फत हेल्परच्या हुद्द्यावर घेतले जाते.

हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. म्हणून त्याला उत्तर देण्याआधी त्याची नऊ वर्षे गेली कुठे ते पाहू.

सरकारी जाहिरात सांगते, आता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र सक्तीचे. वाचून आनंद झाला. मग संहिता उघडली. नेमणूकपत्राचे कलम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत आहे आणि त्या संहितेची ‘आस्थापना’ सुरू होते दहा कामगारांपासून. आपल्यापैकी किती जणांकडे दहा माणसे आहेत? औद्योगिक वसाहतींतल्या काही शेड सोडल्या तर आपली दुकाने तीन, चार, फार तर सहा जणांची. पीएफ वीस माणसांपासून, ईएसआय दहापासून, ग्रॅच्युइटी दहापासून. पाचवा मनुष्य कितीही कसबी असो, कायद्याच्या हिशेबात तो जन्मलेलाच नसतो.

डिचोलीचे एक मालक याचा खुलासा मागायला एका सरकारी कार्यालयात गेले. पहिल्या टेबलावर कळले, सक्ती सगळ्यांना आहे. दुसऱ्यावर कळले, तुम्हाला लागूच नाही. तिसऱ्यावर पोर्टल बघत राहायला सांगितले. बरे, मी आपणहून पत्र दिले तर ते धरले जाईल का, असे या गृहस्थांनी विचारले, तर त्याबद्दल लेखी अर्ज करा! याच गृहस्थांकडे पंचायतीचा परवाना आहे, १९७३ च्या दुकाने व आस्थापना कायद्याची नोंदणी आहे, उद्यम, जीएसटी, थ्री-फेजची मंजुरी आहे. दर वर्षी त्यातले काही ना काही नूतन करायला ते अर्धा दिवस घालवतात. लेथचा कागद आहे, मीटरचा कागद आहे, बोर्डाचा कागद आहे. लेथवर उभ्या असलेल्या माणसाचा तेवढा नाही आणि तो कुठल्या खिडकीवर मिळतो हे खिडकीतल्यांनाही सांगता येत नाही.

साहेबलोकांना बोलून झाले. आता मालकांनो, आपल्याकडे वळू या, कारण टाळ्या वाजवण्यासारखे आपणही काही केलेले नाही.

याच चार संहितांच्या गठ्ठ्यात वेतन संहिता आहे आणि तिला दहाचा आकडा नाही. पगाराची पावती द्यायची, मग माणसे दोन असोत की दोनशे. सूट आहे ती शेतीला किंवा घरकामाला पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्याला. म्हणजे नेमणूकपत्रावर वाद घालत बसायचे कारणच नाही. दर महिन्याची पावती तुम्ही आजही देणे लागता, आणि अशा छत्तीस पावत्या हाच तीन वर्षांच्या अनुभवाचा पुरावा. किती जण देतात? आमच्या परिचयातले मोजायला एक हात पुरतो. उलट चवथीआधी उचल द्यायची, शिगम्यापर्यंत ती कापत राहायची आणि वहीत त्याच्या नावापुढे बाकी शिल्लक असेपर्यंत तो कुठे जात नाही या भरवशावर धंदा चालवायचा, ही आपली कामगारनीती. पत्र दिले तर पळेल, असे एक मालक आम्हाला लिहितात. तो पळणारच आहे. पत्राशिवाय गेला तर हेल्पर म्हणून जातो आणि तुमच्या दुकानात नऊ वर्षांत हेल्परच तयार होतो, एवढीच तुमच्या कामाची कीर्ती कंपनीत पोचते. उद्या त्याच कंपनीचे जॉबवर्क मागायला तुम्ही जाल तेव्हा दर कोणत्या आधारावर सांगणार?

आता पोरांसाठी हिशेब. कंपनीच्या पत्रावर महिन्याला २०,३८५ दिसले म्हणून हुरळू नका. उदाहरण घ्या. एकूण पगार १८,०००, त्यात मूळ वेतन १५,०००. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० आणि ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे १३५ कापून हातात पडतात १६,०६५. कंपनीच्या वाट्याचे पीएफचे १,८०० आणि ईएसआयचे ५८५ मिळवले की पत्रावरचा मोठा आकडा तयार होतो. दुकानात रोख १७,००० घेणाऱ्याला ही पगारकपातच वाटते. पण त्या १६,०६५ पलीकडे दरमहा २,३५० तुमच्या पीएफ खात्यात आणि १,२५० पेन्शनमध्ये जातात, आणि ईएसआयवर घरच्यांचे औषधपाणी होते. घरात आजारी माणूस असेल तर एवढ्या एका कारणासाठी दुकान सोडले तरी आम्ही दोष देणार नाही.

मेख ठेकेदारात आहे. कंत्राट बदलते, माणूस तोच राहतो, यंत्र तेच राहते, बिल्ल्यावरचे नाव बदलते. नवा ठेकेदार नवा यूएएन काढतो, जुने खाते कोणी जोडून घेत नाही आणि पेन्शनला लागणारी दहा वर्षांची सेवा तुकड्यातुकड्यांत विखुरते. शिवाय ठेकेदाराला परवान्याची अट आता पन्नास कामगारांपासून आहे, पूर्वी वीसपासून होती. एकोणपन्नास माणसांचे ठेकेदार किती निघतात ते आता बघालच. म्हणून पत्र हातात आले की पगाराच्या आधी खाली सही कोणाची आहे ते वाचा. नंतर हुद्दा वाचा. ‘ठराविक मुदत’ असे छापलेले असेल तर तेही नीट वाचा, कारण तशा कामगाराला नव्या संहितेत एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी आहे. ठेकेदाराच्या रोजंदारीवरच्या माणसाने ही सवलत आपोआप आपली समजू नये.

काही मालक पोरांना भीती घालतात, कंपनी उद्या बंद पडेल, मी तरी इथेच आहे. डिचोलीत तरी हे बोलू नये. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. त्या पुन्हा सुरू होतात न होतात तोच ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून खनिज काढणे बंद झाले. टिपर दारात उभे राहिले. उभ्या टिपरचा पाटा तुटत नाही, ब्रेक लायनर झिजत नाही, हबची बेअरिंग जात नाही. साखळी-डिचोलीच्या गॅरेजांत काम राहिले नाही ते याच कारणाने, आणि तिथल्या पोरांना उद्यापासून येऊ नको म्हणायला एक वाक्य पुरले. खाणीच्या हजेरीपटावर ज्याचे नाव होते त्याच्याकडे भांडायला निदान कागद होता, काढायला पीएफ होता. आपल्या पोरांकडे काय होते? आपण स्वतंत्र धंदेवाईक म्हणवत होतो खरे, पण खाणीचे बिनपत्राचे कामगार आपणच होतो. मालकासकट.

आता डिचोलीचा ब्लॉक वेदान्तने लिलावात घेतला आहे आणि यंत्रे पुन्हा फिरू लागली आहेत. पेडण्यात मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून चालू आहे. चिलर, जनरेटर, सामानाचे पट्टे, गाड्या, सगळ्यांना हात लावणारी माणसे तिथे लागतात. हॉटेलांना लागतात, औषध कंपन्यांना लागतात. पोरे जाणार. जाऊ द्यावीत, असेच आमचे मत आहे. दुकानात अख्खे काम एका हाताखालून जाते, तुटलेला भाग येतो आणि चालता होऊन बाहेर पडतो. हे शिक्षण कंपनीत मिळत नाही, तिथे वर्षभर एकाच लाइनचे ग्रीसिंग करावे लागू शकते. पण कॅलिब्रेट केलेला मायक्रोमीटर, ड्रॉइंग वाचण्याची सवय, कामाआधी वीज तोडून कुलूप लावण्याची शिस्त, सीएनसी, हे आपल्याकडे कुठे आहे? आपल्यातल्या कित्येकांचा व्हर्नियर खरेदीनंतर एकदाही तपासलेला नाही. दोन्हीकडचे शिकलेला माणूस परत येऊन स्वतःचे शटर उघडेल तर धंद्याचे भलेच आहे.

पेडण्याच्या टर्नरला मात्र आमचे उत्तर स्पष्ट आहे. हेल्परच्या या पत्रावर जाऊ नको. एकदा हेल्पर म्हणून नोंद झाली की पुढची प्रत्येक कंपनी तिथूनच मोजायला सुरुवात करते. आधी मालकाकडून नऊ वर्षांचे पत्र घे. ट्रेडमधला तीन वर्षांचा अनुभव दाखवून आयटीआयच्या अखिल भारतीय ट्रेड टेस्टला खासगी उमेदवार म्हणून बसता येते. तिथे अर्ज कर. प्रमाणपत्र हातात आले की पुन्हा त्याच टेबलासमोर जाऊन बस आणि कंपनीच्या हजेरीपटावर टर्नर म्हणून जागा माग. मिळाली तर मागे वळून बघू नको. पात्रांव चार दिवस रुसेल, पाचव्या दिवशी दुसरा शोधेल.

आणि पात्रांवांनो, रुसण्याआधी पत्र लिहा. लेटरहेडवर, दोन प्रतींत. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणते यंत्र, कोणती कामे, किती मापापर्यंत. ‘काम समाधानकारक होते’ या ओळीला कंपनीत काडीची किंमत नाही. ‘८० मिलिमीटर व्यासापर्यंतच्या पिना व बुश स्वतंत्रपणे तयार करतो’ याला आहे. उद्यमचा आणि दुकान नोंदणीचा क्रमांक घाला, फोन नंबर घाला आणि कंपनीतून फोन आला तर उचला. उचलीची बाकी आणि पत्र यांची गाठ घालू नका. पैसे वसूल करायला दुसरे मार्ग आहेत. राहणाऱ्यांचा पगार या महिन्यापासून बँकेत टाका आणि पावती द्या. चार माणसे असतील तर अप्रेंटिस कायद्याखाली शिकाऊ उमेदवार घेता येतो, त्याच्या विद्यावेतनातला काही भाग केंद्राच्या योजनेतून थेट त्याच्या खात्यात जमा होतो आणि शेवटी त्याला सरकारी प्रमाणपत्र मिळते. गेलेल्याच्या जागी कोण, याचे उत्तर तिथे आहे.

खासगी उमेदवारांचे अर्ज कधी घेणार हे पेडणे आणि डिचोलीच्या आयटीआयमध्ये स्वतः जाऊन विचारा. फोनवर विचारलेत तर ‘वरून अजून काही आले नाही’ एवढेच ऐकू येईल. जाताना पोराला सोबत घ्या, आणि त्या दिवसाची हजेरी कापू नका.