गोठ्याजवळ कण्हेर नको, मधुमालती लावा



आजकाल आखाड्याआखाड्यावर पत्र्याचे शेड झाले, गेट बसले, अन् गेटच्या दोन्ही अंगाला कण्हेर लागली. विचारलं तर उत्तर एकच, "पाणी लागत नाही अन् जनावर तोंड लावत नाही." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हायवेच्या दुभाजकात कण्हेर लावतात ती बहुतेक त्याच्यासाठीच. पण दुभाजकात दावण नसते, हे आपण विसरतो.

ओली कण्हेर कडू, म्हणून बैल सोडून देतो. वाळलेलं पान मात्र चाऱ्यात मिसळलं की त्याला कळत नाही, अन् वाळल्यानं विष काही जात नाही. बांधावरचं गवत कापताना खाली पडलेला पाला पेंढीत बांधला जातो. ती पेंढी कुट्टी मशीनमधून निघाली की बैलानं काय निवडायचं? मोठ्या जनावराला दहा-वीस पानं पुरे होतात. विष थेट हृदयावर जातं. लाळ गळते, पोट दुखतं, शेण पातळ होतं, ठोके बिघडतात. कित्येकदा तर काही दिसायच्या आत जनावर आडवं झालेलं असतं. शंका आली की तेल-ताक पाजत बसू नका, डॉक्टरला बोलवा, नाहीतर १९६२ ला फोन लावा. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तीही तसलीच. तिच्या बिया तर लेकरं खेळायला घेतात.

ज्यांची लागलेली आहे त्यांनी छाटलेल्या फांद्या बांधावर टाकू नयेत, पेटवूही नयेत. धूरसुद्धा घातक. दावणीपासून लांब खड्डा करून पुरा. रस्त्याची छाटणी करणारेही फांद्या कडंला फेकून जातात. तिथंच आपल्या शेळ्या चरतात, हे त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे.

काही जण म्हणतात, शेतात शोभेचं झाड पाहिजेच कशाला? हे मला पटत नाही. हळदीच्या दिवसांत बायामाणसं दिवस दिवस त्या पत्र्याखाली काम करतात. पत्रा कसा तापतो ते बसणाऱ्यालाच माहीत. तिथं सावली अन् चार फुलं असली तर बिघडलं कुठं?

त्यासाठी मधुमालती. नर्सरीत हिला कधी कधी 'चायनीज हनीसकल' म्हणून विकतात. नावावर जाऊ नका. खरी हनीसकल वेगळ्या कुळातली, मूळची थंड मुलखातली. ही आपल्या उन्हाची. संध्याकाळी फूल पांढरं उमलतं, मग गुलाबी, दोन-तीन दिवसांत लाल. वास रात्रीचा.

लावणी मृगाच्या पावसावर करा. जुन्या वेलाच्या मुळापासून फुटवे निघतात, ते मुळीसकट काढले की हमखास जगतात. कांडीही लागते, पण वेळ घेते. काळ्या जमिनीत दीड-दोन फुटाचा खड्डा घ्या, मातीत मुरूम अन् शेणखत मिसळा. पाणी साचलं की ही रुसते. पहिला उन्हाळा आठ-दहा दिवसांनी पाणी द्या, पुढं फार लाड नाहीत. युरिया टाकू नका, नुसता पाला माजतो. आधार मात्र लोखंडी अँगलचा द्या. वेल जड होतो, बांबू दोन-तीन पावसाळ्यांत कुजतो अन् सगळं खाली येतं.

छाटणी संक्रांतीच्या सुमारास, न भिता. फूल नव्या फुटीवर येतं, अन् तेव्हा छाटलं तर उन्हाळ्यापर्यंत सावली परत धरते. हातमोजे घाला, जुन्या देठाचे काटे होतात, ते चांगलेच ओरबाडतात. कोवळ्या शेंड्याला शेळी तोंड लावते म्हणून पहिलं वर्ष काट्याची बाभळी लावून ठेवा. हा काही चारा नाही, मुद्दाम टाकायचा नाही. पण दोन पानं कुट्टीत गेली तर बैल दगावायची भीती नाही.

माझ्या वेलाला यंदा बरेच फुटवे आहेत. पहिला पाऊस झाला की काढणार. लागतील त्यांनी आखाड्यावर या, ओलं बारदान तेवढं सोबत आणा. पैसे नकोत.