पाण्याखालचे सफाई कामगार



१४ एप्रिलला कोर्ट नाक्यावर बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करायचे आणि परत येताना टेंभी नाक्यावरून तलावपाळीला जाऊन घटकाभर बसायचे, हा आमच्या घरचा जुना रिवाज. मुलांना भेळ मिळते, मोठ्यांना वारा मिळतो. यंदा आमच्याबरोबर चाळीतले एक दादा होते. ते बरीच वर्षे तळी साफ करणाऱ्या एका ठेकेदाराकडे कामाला होते. तळ्याच्या कठड्यावर बसून माझ्या भाचीने त्यांना विचारले, "मामा, पाण्यातली घाण तुम्ही काढायचात का?"

दादा हसले. म्हणाले, "काढायचो ना. हिरवं दिसेल ते उपटा, असा हुकूम असायचा. कमरेएवढ्या गाळात उतरून आम्ही शेवाळ उपटून ट्रक भरायचो. आठ दिवस पाणी कसं चकाचक! पण ताई, एक कोडं मला अजून सुटलं नाही. एका तळ्यातलं सगळं शेवाळ आम्ही काढलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच पाणी रंग कालवल्यासारखं हिरवंगार झालं. पहाटे मासे तोंड वर काढून तडफडायचे. आम्ही घाण काढली, मग पाणी जास्त घाण कसं झालं?"

दादांच्या कोड्याचे उत्तर शोधायला आज पाण्याखाली उतरू या.

पहिली गोष्ट म्हणजे पाण्यातल्या सगळ्या हिरव्या गोष्टींना आपण 'शेवाळ' म्हणतो, तिथेच चूक होते. पाण्यात हिरवे दिसते ते मुख्यतः तीन प्रकारचे. एक, खरे शेवाळ. त्याला मूळ नाही, खोड नाही, फूल नाही. त्याचे काही प्रकार इतके बारीक की डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत, पाणीच हिरवे झालेले दिसते. दुसरे, पाण्यावर तरंगणारे, जशी जलपर्णी. आणि तिसऱ्या पाण्याखाली बुडून राहणाऱ्या वनस्पती. त्यांना खोड असते, पाने असतात, फुले येतात. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया ही त्यांची नावे शाळेत जाणाऱ्या मुलांना ठाऊक असतील. हायड्रिलाची बारीक पाने खोडाभोवती गोल गोल लागलेली असतात. व्हॅलिस्नेरियाची पाने लांब फितीसारखी असतात.

व्हॅलिस्नेरियाची तर गंमतच आहे. तिची मादी फुले लांब देठावरून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतात. नर फुले तळाशी सुटतात आणि बुडबुड्यासारखी वर येऊन तरंगत तरंगत त्यांच्यापर्यंत पोहोचतात. काम झाले की मादी फुलाचा देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो आणि फळ खाली पाण्यात धरते.

या बुडालेल्या वनस्पती काय काम करतात? पहिले काम श्वासाचे. उन्हात त्या पाण्यात प्राणवायू सोडतात. काचेच्या बरणीत हायड्रिलाची फांदी ठेवून उन्हात ठेवा, थोड्या वेळाने तिच्यावरून बारीक बुडबुडे वर येताना दिसतील. शाळेत हा प्रयोग नरसाळे आणि परीक्षानळी वापरून करतात. तो बुडबुडा म्हणजे माशाचा श्वास.

दुसरे काम सफाईचे. तळ्यात गटाराचे पाणी, साबणाचे पाणी, निर्माल्य, उरलेले अन्न जाते. त्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात उतरतात. हे म्हणजे एक प्रकारचे खतच. पाण्याखालच्या वनस्पती ते खत शोषून घेतात, त्यामुळे बारीक शेवाळाला खायला कमी उरते. तिसरे काम म्हणजे त्यांची मुळे तळाचा गाळ धरून ठेवतात आणि पाने पाण्याची हालचाल मंदावतात, म्हणून गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ राहते. चौथे काम म्हणजे माशांची पिल्ले त्यांच्या आडोशाला वाढतात. शेवाळ खाणारे बारीक जीवही तिथेच लपून जगतात.

आता दादांचे कोडे सोडवू. तळ्यात गटाराचे पाणी येतच राहिले, म्हणजे खत येतच राहिले. पण ते खाणारी वनस्पती मुळासकट उपटली गेली. मग ते सगळे खत बारीक शेवाळाला मिळाले. उन्हाळ्यात ऊन भरपूर आणि पाणी कमी, त्यामुळे ते झपाट्याने वाढले आणि पाणी हिरवे झाले. हिरव्या पाण्यातून उजेड तळापर्यंत जाईना, म्हणून खालची वनस्पती पुन्हा उगवेना. धरून ठेवायला मुळे नाहीत, म्हणून गाळ ढवळत राहिला.

आणि मासे पहाटेच का तडफडले? रात्री ऊन नसते, त्यामुळे कोणतीही हिरवी गोष्ट प्राणवायू तयार करत नाही, उलट सगळेच तो वापरतात. पाण्यात शेवाळ बेसुमार असले आणि मेलेले शेवाळ तळाशी कुजत असले की रात्रभरात प्राणवायू संपत येतो. सर्वात कमी तो पहाटे असतो. कारंजी सोडली तर पाण्यात थोडी हवा मिसळते, त्याचा उपयोग होतो. पण कारंजे खत खात नाही.

एकदा तळे असे बिघडले की ते सहजासहजी मागे फिरत नाही. म्हणून वनस्पती टिकवणे सोपे, परत आणणे कठीण.

हे दादांना सांगितले तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही ज्याला घाण म्हणून उपटलं, तेच पाणी साफ करत होतं?"

बंधू-भगिनींनो, दादांच्या या वाक्यावर थोडे थांबा. जो सफाई करतो त्यालाच घाण म्हणायचे, ही रीत आपल्याला नवी आहे का? गाव ज्यांनी स्वच्छ ठेवले त्यांनाच गावाबाहेर ठेवले गेले. आजही गाळात उतरणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो. वनस्पतीची आणि माणसाची बरोबरी मी करत नाही. माणसाची जागा गाळात नाहीच, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. पण चूक एकाच जातीची आहे. काम न पाहता दिसण्यावरून शुद्ध-अशुद्ध ठरवायचे, ही ती चूक.

पाण्याच्या शुद्ध-अशुद्धाची गोष्ट निघाली की आपल्याला महाड आठवतेच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो बांधवांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळे 'बाटले' म्हणून काय केले? शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या आणि मंत्र म्हटले! माणसाच्या ओंजळीने पाणी विटाळते आणि शेणाने शुद्ध होते, असे त्यांचे शास्त्र. खरे शास्त्र काय सांगते ते आपण आत्ताच पाहिले. शेण म्हणजे खत, आणि खत पाण्यात पडले की शेवाळ वाढते. पाणी मंत्राने शुद्ध होत नाही. ते उजेडाने, प्राणवायूने आणि पाण्याखाली मुकाट काम करणाऱ्या वनस्पतीने शुद्ध राहते. तळ्यावरच्या हक्काचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाकडून १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला. तो दहा वर्षांचा लढा होता. ज्या पाण्यासाठी आपल्या आजा-पणजांनी डोकी फोडून घेतली, ते पाणी जिवंत ठेवणे ही आता आपलीही जबाबदारी आहे.

आपल्या धम्मात ही शिकवण जुनी आहे. विनयपिटकात भिक्षूंसाठी नियम आहेत. जिवंत वनस्पतीचा, म्हणजे पाली भाषेत 'भूतगामा'चा, नाश करणे हा दोष मानला आहे. पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकू नये, असाही नियम आहे. हे नियम अडीच हजार वर्षांच्या परंपरेतून आले आहेत. पंचशील म्हणताना प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे वचन आपण रोज देतो. पहाटे तडफडणारा मासा त्या वचनाबाहेरचा नाही.

मग पाण्यातले काहीच काढायचे नाही का? तसे नाही. कल्याणकडच्या वाचकांना उल्हास नदी ठाऊक आहे. कल्याण-डोंबिवलीच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः तिचेच. मोहने बंधाऱ्याच्या भागात तिच्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, तो अनेकांनी पाहिला असेल. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने माणसानेच जगभर नेली. ती पाण्यावर छप्पर घालते, खाली अंधार होतो आणि बुडालेल्या वनस्पती मरतात. ती कुजली की प्राणवायू खाते. म्हणून जलपर्णी काढलीच पाहिजे. पण ती वाढते कशावर? नदीत सोडलेल्या सांडपाण्यावर. सांडपाणी बंद न करता दरवर्षी नुसती जलपर्णी काढणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे.

दुसऱ्या देशात नेलेली वनस्पती तिथे डोईजड होते, याचे उलटे उदाहरणही आहे. आपल्याकडे निमूट राहणारी हायड्रिला १९५० च्या सुमारास मत्स्यालयांसाठी अमेरिकेत फ्लोरिडाला नेली गेली. आज ती तिथल्या तळ्यांत मोठा उपद्रव झाली आहे. म्हणून घरच्या काचेच्या टाकीतली वनस्पती किंवा मासे कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडू नका.

नदी शेवटी समुद्राला मिळते, आणि समुद्राच्या पाण्याखालीही अशीच वनस्पती आहे. तिला समुद्री गवत म्हणतात. शेवाळाप्रमाणे ती साधी नव्हे. तिला मुळे आहेत, तिची फुले पाण्याखालीच फुलतात आणि परागही पाण्यातूनच वाहून जातात. गोव्यात मांडवी नदीच्या मुखाजवळच्या 'हॅलोफिला बेकारी' नावाच्या इवल्याशा समुद्री गवताचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तमिळनाडूच्या पाल्क उपसागरात समुद्री गवताची मोठी कुरणे आहेत. तिथे डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, हेच गवत चरते. ते वाचवण्यासाठी तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र जाहीर केले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे समुद्रतळाच्या जेमतेम ०.१ टक्के भागावर हे गवत आहे, पण समुद्रात साठणाऱ्या कार्बनपैकी १८ टक्क्यांपर्यंत कार्बन त्याच्या कुरणांत साठतो. १ मार्च हा 'जागतिक समुद्री गवत दिन' म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये ठरवला. या गवताचे शत्रू तळ्यातलेच आहेत: सांडपाणी, गाळ आणि त्यामुळे हरवलेला उजेड. त्यात तळ खरवडणाऱ्या जाळ्यांची भर.

म्हणजे टेंभी नाक्याजवळचा मासुंदा तलाव असो की पाल्कचा उपसागर, नियम एकच. पाण्याखाली उजेड पोहोचू द्या, मुळे राहू द्या, घाण येऊ देऊ नका.

आता आपण काय करायचे? सुरुवात घरातून करू. विहारात वाहिलेली फुले वाळली की तळ्यात किंवा खाडीत टाकू नका. दुसऱ्याच्या निर्माल्याला नावे ठेवताना आपली पिशवीही तपासली पाहिजे. विहाराच्या आवारात एक खड्डा किंवा जुना पिंप ठेवा, त्यात फुले आणि पालापाचोळा टाका, काही महिन्यांत झाडांना खत मिळेल. माशांना पाव आणि फरसाण टाकणे पुण्याचे वाटते, पण न खाल्लेले तळाशी कुजते. मुलांना हे समजावून सांगा.

पुढची पायरी वस्तीची. आपल्या भागातल्या तळ्याचे 'सुशोभीकरण' निघाले की महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने नगरसेवकाला आणि पालिकेला तीन प्रश्न लेखी विचारावेत. तळ्यात येणारी गटारे कधी बंद करणार? सगळा काठ उभ्या भिंतीने बांधणार, की एका बाजूला उथळ उतार ठेवून वनस्पतींना जागा देणार? आणि सफाईत जलपर्णी काढताना पाण्याखालची वनस्पती सरसकट उपटणार, की वाट मोकळी करण्यापुरतीच काढणार?

चौथा प्रश्न मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे. पाण्यात उतरणाऱ्या कामगाराला बूट, हातमोजे, रजा आणि ठरलेली मजुरी मिळते का? तळ्याचे आरोग्य विचारणाऱ्याने त्याचेही आरोग्य विचारलेच पाहिजे.

तलावपाळीवरून उठताना दादा भाचीला म्हणाले, "पुढच्या वेळी मला बोलावलं ना, तर मी मुकादमाला सांगणार, हे राहू दे, हे आपलं माणूस आहे." भाचीला हसू आले. ती म्हणाली, "मामा, झाड कुठं माणूस असतं?" दादा म्हणाले, "नसतं बाळा. पण कामाला आलं की आपलंच."

घरी जाऊन तिने काचेची बरणी शोधली. आता पुढच्या रविवारी हायड्रिलाची एक फांदी आणायची आहे. तुमच्या घरीही करून पाहा आणि मुलांना किती बुडबुडे दिसले ते जरूर कळवा.

नमो बुद्धाय! जय भीम!